पेशीचें पटल आणि चिमूटभर मीठ

जुन्या करारांतील नहेम्याच्या पुस्तकांत यरुशलेमाचा ढासळलेला कोट पुन्हां बांधल्याची हकीकत आपण वाचली आहे. त्या कोटाला एकच दरवाजा नव्हता. मेंढरांसाठीं एक वेस होती, मासळीसाठीं दुसरी होती, पाण्याच्या बाजूस तिसरी होती आणि उकिरड्याकडे जाणारी वेस निराळीच होती. कोट पुरा होतांच नहेम्यानें दारें बसविलीं, द्वारपाळ नेमले आणि दारें केव्हां उघडावीं व केव्हां लावावीं याविषयीं हुकूम दिला. शहराचें रक्षण भिंतीवर अवलंबून असतें, तसें शहराचें जीवन दारांवर अवलंबून असतें, हें त्या शहाण्या पुरुषास पक्कें ठाऊक होतें.

आपलें शरीर अशाच असंख्य तटबंदी नगरांचें बनलेलें आहे. या नगरांस शास्त्रांत पेशी असें म्हणतात. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं एक कोट आहे, त्या कोटाला निरनिराळ्या वेशी आहेत आणि प्रत्येक वेशीचा द्वारपाळ ठरलेला आहे. त्या कोटाची रचना कशी आहे आणि त्यांतून पदार्थांची येजा कशी चालते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा विषय पाठ्यपुस्तकांतील आहे खरा; परंतु तो परीक्षेपुरताच आहे असें कोणीं समजूं नये. खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवर वैशाख-ज्येष्ठांत विहिरी आटतात आणि आयाबहिणींना डोंगर उतरून झऱ्याचें पाणी आणावें लागतें. पहिला पाऊस पडला कीं माळावरची घाण वाहून त्याच झऱ्यांत उतरते. मग घरोघरीं जुलाब व ओकाऱ्या सुरू होतात आणि सर्वांत आधीं लहान मूल अंथरुणाला खिळतें. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें व आजारानें पुष्कळ बालकें दगावलीं, ती दुःखद वार्ता साऱ्या महाराष्ट्रानें ऐकली. जुलाबानें मूल खंगतें, आणि खंगलेल्या मुलाला जुलाब लवकर गांठतात. या फेऱ्याला खीळ घालणारें एक अत्यंत स्वस्त औषध पेशीच्या एका वेशीच्या अभ्यासानें आपल्या हातीं आलें आहे. तें गुण कां देतें हें ज्यास समजलें, तो तें चुकीच्या रीतीनें देणार नाहीं. एवढ्याचसाठीं आम्ही हा विषय निवडला.

कोट कशाचा बनला आहे?

१६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाच्या पातळ कापाकडे सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, तेव्हां त्यास मधाच्या पोळ्यांतील घरांसारखे कप्पे दिसले. ते मेलेल्या पेशींचे रिकामे कप्पे होते. जिवंत पेशीभोंवतींचा पडदा इतका पातळ असतो कीं, शाळेंतील साध्या सूक्ष्मदर्शकांतून त्याची रचना दिसत नाहीं. आपल्या पुस्तकांत त्यास प्रद्रव्यपटल म्हटलें आहे. सोयीसाठीं आम्ही येथें नुसतें ‘पटल’ असें म्हणूं. त्याची जाडी सुमारें ७ ते ८ नॅनोमीटर असते. वहीचा कागद साधारणपणें एक दशांश मिलिमीटर जाड असतो. एका कागदाच्या जाडींत अशीं बारा ते चौदा हजार पटलें एकावर एक मावतील.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या वस्तूची रचना शास्त्रज्ञांनीं अनुमानानें शोधून काढली, ती रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओव्हर्टन नांवाच्या शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, जे पदार्थ तेलांत सहज विरघळतात ते पेशींत लवकर शिरतात. त्यावरून पडदा स्निग्ध द्रव्याचा असावा असें त्यानें ताडलें. पुढें १९२५ सालीं हॉलंडमध्यें गॉर्टर व ग्रेंडेल या दोघांनीं रक्तांतील तांबड्या पेशींमधील सर्व स्निग्धांश वेगळा काढला व पाण्याच्या पृष्ठभागावर एकपदरी पसरला. त्यानें व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरली. यावरून पडदा दुपदरी आहे असा निष्कर्ष त्यांनीं काढला, व तो पुढें खरा ठरला.

तो दुपदरी कां असावा? या स्निग्ध रेणूला एक डोकें व दोन शेपट्या आहेत अशी कल्पना करा. डोक्याला पाण्याची ओढ असते आणि शेपट्यांना पाण्याचें वांकडें असतें. पेशीच्या आंतही पाणी आहे व बाहेरही पाणी आहे. तेव्हां हे रेणू दोन रांगांत उभे राहतात. एका रांगेचीं डोकीं बाहेरच्या पाण्याकडे असतात, दुसरीचीं आंतल्या पाण्याकडे असतात, आणि दोहोंच्या शेपट्या मध्यें कोरड्या जागीं एकमेकींस भिडतात. ही रांग कोणास लावावी लागत नाहीं. पाण्यांत पडतांच रेणू आपोआप तसे जुळतात, आणि बारीकसें छिद्र पडलें तर तें आपोआप मिटतें. निर्मात्यानें घालून दिलेला नियम किती साधा आणि त्यापासून उपजणारें कार्य किती मोठें, हें पाहून मन नम्र होतें.

परंतु नुसत्या स्निग्ध पडद्यानें काम भागत नाहीं. १९७२ सालीं सिंगर व निकल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पटलाचें जें चित्र मांडलें तें आज थोड्याफार भरीसह सर्वमान्य आहे. त्यांच्या मतें पटल हें दगडी तटासारखें निश्चल नाहीं. त्याचे रेणू आपल्या पदरांत सारखे सरकत असतात, आणि पुराच्या पाण्यावर ओंडके तरंगावे तशीं त्यांत निरनिराळीं प्रथिनें तरंगत असतात. कांहीं प्रथिनें या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार गेलेलीं असतात. हींच त्या कोटाच्या वेशी होत.

पाणी कोणीकडे जातें?

वेशींकडे वळण्यापूर्वीं येजा करण्याचा मूळ नियम पाहूं. घराच्या एका कोपऱ्यांत पिकलेला फणस कापला कीं थोड्याच वेळांत त्याचा वास साऱ्या घरांत पसरतो. जेथें दाटी अधिक तेथून विरळ जागेकडे पसरत जाण्याच्या या क्रियेस विसरण म्हणतात. आपण श्वास घेतों तेव्हां प्राणवायु फुप्फुसांतून रक्तांत याच रीतीनें जातो आणि कार्बन डायऑक्साईड उलट दिशेनें बाहेर येतो. या वायूंचे रेणू लहान असून स्निग्ध पडद्यांतून सहज पार होतात. त्यांना वेशीची गरज पडत नाहीं.

पाण्याची गोष्ट किंचित् निराळी आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग घरीं करून पाहावा. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या दोन फोडी कापाव्या. एक फोड साध्या पाण्याच्या वाटींत व दुसरी खूप मीठ घातलेल्या पाण्याच्या वाटींत ठेवावी. दोन-तीन तासांनीं पाहिलें तर साध्या पाण्यांतील फोड ताठ झालेली आढळेल, आणि खाऱ्या पाण्यांतील फोड मऊ पडून वांकूं लागलेली आढळेल. खाऱ्या पाण्यानें बटाट्याच्या पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतलें. मीठ मात्र तितक्या सहजपणें आंत शिरूं शकलें नाहीं, कारण पटलानें त्यास अडविलें. जें पटल पाण्यास वाट देतें व विरघळलेल्या पदार्थांस अडवितें, त्यांतून पाणी अधिक दाट द्रावणाकडे जातें. या क्रियेस परासरण हें नांव आहे. १७४८ सालीं फ्रान्समधील नोले नांवाच्या धर्मोपदेशकानें मद्यार्कानें भरलेलें डुकराचें मूत्राशय पाण्यांत बुडवून ठेवलें, तेव्हां तें फुगून तट्ट झालेलें त्यास दिसलें. या क्रियेच्या अभ्यासाचा आरंभ तेथून धरतात.

शास्त्रज्ञांस हें कळण्याच्या कितीतरी पूर्वींपासून आपल्या स्वयंपाकघरांत हा नियम वापरांत आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें कीं त्यांस पाणी सुटतें. कारल्याच्या चकत्यांचीही तीच गोष्ट. मासळी खारवून वाळविली म्हणजे टिकते, कारण तिच्यावर बसणाऱ्या जंतूंच्या पेशींतील पाणीही मीठ ओढून घेतें व त्यांची वाढ खुंटते. याच्या उलट, रात्रीं भिजत घातलेले वाल सकाळीं फुगलेले दिसतात. राबांतून उपटलेलीं नाचणीचीं रोपें उन्हांत माना टाकतात, आणि आवणी होऊन मुळांना पाणी मिळालें कीं पुन्हां उभीं राहतात. तेथेंही पेशींत पाणी शिरून त्या ताठ होतात. या सर्वांचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: मीठ व साखर ज्या बाजूस अधिक, त्या बाजूस पाणी जातें. हें वाक्य विद्यार्थ्यांनीं पाठ करावें, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे.

स्निग्ध पडद्यांतून पाणी इतक्या लवकर कसें जातें, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. १९९२ सालीं अमेरिकेंतील पीटर आग्री व त्यांचे सहकारी यांनीं पाण्याची स्वतंत्र वेस शोधून काढली. हें प्रथिन म्हणजे एक अरुंद नळी असून तिच्या एका वाटेनें दर सेकंदास सुमारें ३०० कोटी पाण्याचे रेणू पार होतात. या शोधाबद्दल आग्री यांस २००३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

वेशी आणि द्वारपाळ

मिठाचे घटक पाण्यांत विद्युत्भारित कणांच्या रूपानें असतात, म्हणून स्निग्ध पडदा त्यांस मुळींच वाट देत नाहीं. साखरेचा रेणु मोठा असल्यामुळें तोही अडतो. या पदार्थांना आपापल्या ठराविक वेशीनेंच जावें लागतें. कांहीं वेशी नुसत्या वाटा असतात. दाटीकडून विरळाकडे जाणाऱ्यास त्या जाऊं देतात व त्यांत पेशीची शक्ति खर्च होत नाहीं. कांहीं वेशींवर मात्र उलट काम चालतें. तेथील द्वारपाळ विरळाकडून दाटीकडे, म्हणजे जणूं चढावर, माल ओढून नेतो, आणि त्यासाठीं पेशीस अन्नापासून मिळालेली शक्ति वेंचावी लागते.

अशा द्वारपाळांत सोडियमचा द्वारपाळ प्रमुख होय. त्याचा शोध डेन्मार्कमधील येन्स स्कौ यांनीं १९५७ सालीं लावला व त्याबद्दल त्यांना १९९७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हा द्वारपाळ प्रत्येक खेपेस सोडियमचे तीन कण पेशीबाहेर लोटतो आणि पोटॅशियमचे दोन कण आंत घेतो. गळक्या होडींतील नावाडी जसा सारखें पाणी उपसत असतो, तसें याचें काम रात्रंदिवस चालू असतें. त्यामुळें पेशीच्या आंत सोडियम नेहमींच कमी असतें व बाहेर अधिक असतें. आणि बाहेरचें सोडियम आंत शिरावयास टपलेलें असतें.

आतां या लेखांतील मुख्य वेशीकडे येऊं. आपल्या लहान आंतड्याच्या अस्तरांतील पेशींवर अन्नाच्या बाजूस एक विलक्षण दार आहे. सोडियमचे दोन कण व ग्लुकोजचा एक रेणु असे तिघे बरोबर आले म्हणजे तें त्यांस एकदम आंत घेतें. नुसती साखर आली तर या दारानें तिचा निभाव लागत नाहीं, आणि नुसतें मीठ आलें तर त्यासही येथें वाट मिळत नाहीं. सोडियमला आंत जाण्याची जी ओढ असते, तिच्या जोरावर साखरही आंत नेली जाते. १९६० सालच्या ऑगस्ट महिन्यांत प्राग शहरांतील एका परिषदेंत रॉबर्ट क्रेन यांनीं ही कल्पना प्रथम मांडली. आंत आलेलें सोडियम मागच्या बाजूचा द्वारपाळ रक्ताकडे लोटून देतो. साखरही दुसऱ्या एका वेशीनें तिकडेच जाते. मग आपलें पाठ केलेलें वाक्य आठवावें. मीठ व साखर रक्ताच्या बाजूस गेलीं, म्हणून पाणीही त्यांच्या पाठोपाठ रक्तांत जातें.

या व्यवहाराचा आवाका लहान नाहीं. आपण जें पितों तें आणि शरीर जे पाचक रस सोडतें ते मिळून दररोज सुमारें ८ ते ९ लिटर पाणी प्रौढ मनुष्याच्या आंतड्यांत उतरतें. त्यांपैकीं जवळजवळ सर्व परत शोषलें जातें व पेलाभरही पाणी मळाबरोबर बाहेर पडत नाहीं. ही शोषणाची क्रिया बिघडली तर थोड्याच तासांत मनुष्याचें काय होईल, याची कल्पना या आंकड्यांवरून यावी.

जुलाबांत काय घडतें?

पटकी, म्हणजे ज्यास हल्लीं कॉलरा म्हणतात, तिचें उदाहरण घेऊं. एके काळीं पंढरीच्या वाटेवर व गांवोगांवच्या जत्रांत या रोगानें हाहाकार केला, आणि लोक जरीमरीचा कोप म्हणून भयानें गांव सोडून रानांत राहावयास जात. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे यांनीं १९५९ सालीं असें सिद्ध केलें कीं, पटकीचे जंतू एक विष सोडतात व तें विष आंतड्यांत पाणी सांचवितें. त्या विषानें आंतड्याच्या पेशींवरील क्लोराईडची वेस उघडी पडते आणि ती मिटत नाहीं. क्लोराईड आंतड्यांत वाहूं लागतें, त्याच्यामागें सोडियम जातें आणि दोहोंच्या मागें पाणी जातें. प्रौढ रोग्याच्या शरीरांतून कधीं कधीं तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जातें.

पूर्वीं असा समज होता कीं, पटकीनें आंतड्याचें अस्तरच झडून जातें व म्हणून तोंडावाटें दिलेलें कांहींही उपयोगी पडत नाहीं. पुढें तपासणींत अस्तर अभंग असल्याचें आढळलें. शिवाय असें दिसून आलें कीं, विष एक वेस उघडी टाकतें खरें, परंतु मीठ-साखरेची जोडवेस शाबूत राहते. या एका गोष्टीवर लाखों मुलांचे प्राण अवलंबून होते. एका बाजूनें पाणी वाहून जात असलें तरी दुसऱ्या दारानें तें आंत घेतां येतें. मात्र त्या दारापाशीं मीठ व साखर जोडीनें गेलीं पाहिजेत. इतर बहुतेक जुलाबांतही हें दार पुरेसें काम देतें.

नुसतें पाणी पाजून कां भागत नाहीं, हेंही यावरून उलगडेल. पाण्याबरोबर गेलेलें मीठ नुसत्या पाण्यानें भरून निघत नाहीं, आणि दार उघडावयास जोडी नसल्यामुळें पाणी नीट शोषलेंही जात नाहीं. दहा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरांतून एक लिटर पाणी निघून गेलें तर त्याचा जीव धोक्यांत येतो. मोठ्या माणसास जो आजार दोन दिवसांची अशक्तता देऊन जातो, तोच पाळण्यांतील मुलाचा प्राण घेतो, त्याचें कारण हेंच होय.

तीन बोटांच्या चिमटीचा इतिहास

शिरेंतून खारें पाणी देऊन पटकीचे रोगी वांचवितां येतात, हें १८३२ सालीं लीथ येथील डॉ. थॉमस लट्टा यांनीं दाखविलें होतें. परंतु त्यास सुई, बाटली, निर्जंतुक पाणी व शिकलेला मनुष्य लागतो. दूरच्या पाड्यावर हीं कोठून आणावयाचीं? १९५३ सालीं कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं मीठ व ग्लुकोज यांचें पाणी तोंडानें देऊन पटकीचे रोगी बरे झाल्याचें प्रसिद्ध केलें; पण त्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. १९६८ सालीं ढाक्यास डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनीं काळजीपूर्वक मोजमाप करून तीच गोष्ट सिद्ध केली.

खरी कसोटी लागली ती १९७१ सालीं. पूर्व पाकिस्तानांतील युद्धामुळें सुमारें एक कोटी निर्वासित भारतांत आले. पश्चिम बंगालमधील बनगांवच्या छावणींत पटकीची सांथ उसळली. तेथें काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळील शिरेंतून देण्याचें पाणी संपत आलें. त्यांनीं धाडसानें तोंडानें पाजण्याचा उपाय हातीं घेतला. एक लिटर पाण्यांत २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असें त्यांचें प्रमाण होतें. हें पाणी पिंपांत भरून ठेवीत आणि रोग्यांचे नातेवाईकच तें पेल्यानें पाजीत. तत्पूर्वीं त्या छावणींत शंभरांतील सुमारें ३० रोगी दगावत होते. या उपचाराखालीं तें प्रमाण शंभरांत चाराहूनही खालीं आलें. डॉ. महालनबीस २०२२ सालीं निवर्तले व २०२३ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालें.

त्यानंतरची गोष्ट आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. बांगलादेशांत ‘ब्रॅक’ या संस्थेच्या स्त्रिया १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर गेल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांतील मातांस त्यांनीं हें पाणी करावयास शिकविलें. मातांजवळ तराजू नव्हता. म्हणून तीन बोटांच्या चिमटींत येईल तेवढें मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी असें माप ठरविलें गेलें. पेशीच्या पटलावरील दाराचें ज्ञान अशा रीतीनें आईच्या चिमटीपर्यंत पोंचलें.

घरीं काय करावें?

औषधाची पुडी सर्वांत उत्तम. तिला लोक ओआरएस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालापासून ठरविलेल्या प्रमाणानुसार एका लिटरसाठीं तींत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड व २.९ ग्रॅम सायट्रेट असतें. पूर्वींचें द्रावण याहून दाट होतें. तें पातळ केल्यावर जुलाबाचें मान व शिरेंतून पाणी देण्याची गरज कमी झाल्याचें आढळलें, म्हणून हा बदल केला गेला. ही पुडी खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व आशा कार्यकर्त्यांजवळ मिळते. संबंध पुडी एकदम एक लिटर स्वच्छ पाण्यांत विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजानें पेल्यांत टाकूं नये. केलेलें पाणी झांकून ठेवावें, पुन्हां उकळूं नये व २४ तासांनंतर उरलेलें टाकून द्यावें.

पुडी जवळ नसेल तर उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. घरची साखर आंतड्यांत फुटून तिच्यापासून ग्लुकोज होतें, म्हणून तीही चालते. चाखून पाहतां हें पाणी अश्रूंपेक्षां खारट लागूं नये. आपल्याकडील म्हाताऱ्या बायका आजाऱ्यास मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज देत आल्या आहेत. तीही शास्त्रशुद्ध आहे, कारण पेजेंतील पिठूळ द्रव्यापासून ग्लुकोज होतें आणि मीठ तर तींत असतेंच.

प्रमाणाविषयीं आम्ही इतका आग्रह कां धरतों, तें परासरणाच्या नियमावरून समजावें. गोड जास्त झालें तर गुण अधिक येईल असें वाटून कोणी साखर वाढवितो, किंवा दुकानांतील गोड शीतपेय मुलास पाजतो. अशा वेळीं साखर आंतड्यांत सांचून राहते, पाणी साखरेच्या बाजूस ओढलें जातें आणि जुलाब वाढतात. मीठ वाढलें तर रक्तांत मीठ अधिक होऊन तान्ह्या मुलाच्या मेंदूस इजा पोंचूं शकते.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आंतील मुलास ५० ते १०० मिलिलिटर व त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर पाणी चमच्याचमच्यानें पाजावें. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सावकाश सुरू करावें. जुलाब लागले कीं मुलाचें पाणी तोडावें, असा समज अजून कांहीं घरांत आहे; तो प्राणघातक होय. आईचें दूध बंद करूं नये व इतर अन्नही सोडूं नये. जस्ताच्या गोळ्या आरोग्य केंद्रांत सांगतील त्या मात्रेनें १४ दिवस द्याव्या. मुलाला बरें वाटूं लागलें म्हणून मध्येंच सोडूं नयेत. मूल निपचित पडलें, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शौचांत रक्त दिसलें, तर क्षणाचाही विलंब न करितां दवाखान्याची वाट धरावी आणि वाटेंतही हें पाणी पाजीत राहावें. खोडाळ्याहून मोखाड्याच्या अथवा जव्हारच्या रुग्णालयापर्यंतचा घाटाचा रस्ता लांब आहे; त्या रस्त्यांत मूल तगून राहणें पुष्कळदां या पाण्यावरच अवलंबून असतें.

विद्यार्थिमित्रहो, पटलाचें चित्र काढून त्यास नांवें दिलीं कीं परीक्षेंत गुण मिळतील. परंतु या चित्रांतील एका दाराची किल्ली आपल्या घरच्या मिठाच्या व साखरेच्या डब्यांत आहे, हें ज्याला उमगलें त्याचें शिक्षण फुकट गेलें नाहीं. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली, ती आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मीठ डब्यांत राहून कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. तें योग्य प्रमाणांत विरघळावें लागतें. विद्येचेंही तसेंच आहे. वसतिगृहांतून सुटीस घरीं जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें पावसाळ्यापूर्वीं आपल्या पाड्यावरील निदान पांच घरीं हें पाणी करून दाखवावें, आणि माता-पित्यांनींही मुलांचें म्हणणें लहान तोंडीं मोठा घास म्हणून टाळूं नये, एवढी आमची विनंति आहे. एक लिटर पाण्याचें भांडें, एक चमचा, थोडें मीठ व थोडी साखर, याहून अधिक सामग्री या पाठास लागत नाहीं.